पुंगळ्यांचे अभ्यंगस्नान

दिवाळी जवळ आली की इतरांच्या घरी आधी भाजणीचा वास सुटतो; आमच्या घरी आधी चिंचेचा सुटतो. वसुबारसेच्या चार दिवस आधी आई मला माळ्यावर चढवते आणि वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले पितळ खाली उतरवून घेते. दोन समया, पाच निरांजने, एक तबक, आजीचा तांब्या, बंब जाऊन मागे राहिलेले घंगाळ आणि एक भली थोरली परात. चिंच कोळून ठेवलेली असते, नारळाची शेंडी तयार असते आणि आईच्या तोंडी चार हुकूम असतात : "घास, विसळ, निथळत ठेव, पूस." मी चाळिशी ओलांडली, एम. ए. झाले, गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. पण या चार क्रियापदांपुढे माझी विद्वत्ता कधी चालली नाही.

त्यातल्या 'विसळणे' या शब्दावर आईचा विशेष जीव. "घासणं कुणालाही येतं गं, विसळणं येत नाही," असे ती दरवर्षी न चुकता म्हणते. घासलेले भांडे नीट विसळले नाही तर कोपऱ्याकापऱ्यात चिंचेचा अंश राहतो आणि चार दिवसांत त्यावर हिरवट डाग उठतात, हे तिचे शास्त्र. मी ते आयुष्यभर एका कानाने ऐकले आणि दुसऱ्या कानाने सोडून दिले. त्याचा खरा अर्थ मला उमगला तो आमच्या मोरीत नव्हे, तर अमेरिकेत, पिट्सबर्ग शहरी, माझ्या धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये. आणि तोही समई विसळताना नव्हे, तर बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या विसळताना!

वाचकहो, दचकू नका. आमच्या सात पिढ्यांत कुणी चिमणीवर सुद्धा नेम धरलेला नाही. पण घडले ते असे.

२०२३ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, नेमके रविवारी आले होते. महाविद्यालयाला सुट्टी होती, भाऊ बरीच वर्षे "आईला घेऊन ये" म्हणत होता, आणि आईला दोन वर्षांच्या नातवाला फोनच्या काचेतून न पाहता मांडीवर घ्यायचे होते. चकली आणि लाडवांचे डबे, एक समई आणि दोघींचे गुडघे सांभाळत आम्ही तिकडे पोहोचलो. पिट्सबर्ग हे मोठे देखणे शहर आहे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना जशा समोरासमोर येऊन भेटतात, तशा इथेही दोन नद्या एकत्र येतात आणि ओहायो असे नवे नाव घेऊन पुढे जातात. आईला हा संगम फार आवडला. तिने थंडीने कुडकुडत का होईना, पण पाण्याला नमस्कार केला.

पहिल्याच रात्री, वेळेच्या उलटापालटीने दोघींचीही झोप उडालेली असताना, आईने मला हलवले. "अगं, ऐकलंस? खाली कुणी जातं फिरवतंय का?"

खरोखरच खालून आवाज येत होता. घळघळ, घळघळ, एका लयीत. दळण म्हणावे तर ओलसर, पाऊस म्हणावे तर फारच शिस्तीचा. सकाळी भावाला विचारले तेव्हा तो जरा ओशाळला आणि आम्हाला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे दोन रुळांवर एक काळे पिंप आडवे पडून स्वतःभोवती फिरत होते. त्याने ते थांबवले, झाकण उघडले, आत हात घातला आणि मुठीतून काय काढले असेल? पिवळ्याधमक, नव्या निरांजनासारख्या लखलखणाऱ्या बोटाएवढ्या पितळी नळ्या!

"काडतुसांच्या पुंगळ्या आहेत ताई," तो म्हणाला. "मी रविवारी मित्रांबरोबर नेमबाजीला जातो ना, त्यातल्या वापरलेल्या. धुऊन पुन्हा भरायच्या."

मी मराठीची बाई. माझ्या मनात पहिल्यांदा काय आले असेल तर 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, हे. दुसऱ्यांदा आले ते मात्र भीतीचे. बंदूक हा विषय मला तेव्हाही पटत नव्हता, आजही पटलेला नाही. भाऊ कागदावर काढलेल्या वर्तुळांखेरीज कशावरही गोळी झाडत नाही, बंदूक कुलुपात असते, तिची किल्ली निराळ्या जागी असते, हे सारे त्याने सांगितले. मी मान डोलावली. पण माझा चेहरा काही डोलला नसावा.

तरी पण एखादी गोष्ट आवडत नसली तरी ती कशी चालते हे समजून घेऊ नये असे थोडेच आहे? एका काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टिकली, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी. टिकली म्हटले ते सोयीसाठी. आपली मुले दिवाळीत खेळण्यातल्या पिस्तुलाने टिकल्या उडवतात ना, तिचीच ही थोरली बहीण. घोड्याचा घाव टिकलीवर बसतो, ठिणगी एका बारीक भोकातून आत जाते, दारू पेटते आणि गोळी सुटते. गोळी जाते, दारू जळते, टिकली वाया जाते. मागे उरते ती पुंगळी. शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे तिचे पितळ असते. स्फोटाच्या क्षणी ती किंचित फुगून नळीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच सैल होते. असे लवचिक भांडे एकदाच वापरून टाकून देणे कुणालाही जिवावर येणारच. म्हणून अमेरिकेत हजारो हौशी नेमबाज पुंगळ्या वेचून आणतात, स्वच्छ करतात, मापात बसवतात आणि पुन्हा भरतात. स्वतःपुरते असे भरायला तिथे सरकारी परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हे करणे गुन्हा आहे, तेव्हा घरातल्या उत्साही चिरंजीवांनी हा लेख वाचून कामाला लागू नये!

गंमत अशी की या भरण्याच्या सोयीमागेही एक विरोधाभास आहे. टिकली बसवण्याच्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. एक इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डन याची. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे जुनी टिकली सळईने ढकलून काढता येते. अमेरिकनांनी आपल्या देशबांधवाची पद्धत सोडून इंग्रजाची उचलली. माहेरचे सोडून सासरचे लोणचे आवडावे, तसलाच हा प्रकार.

आता त्या पिंपातले रहस्य. टिकली काढलेल्या साधारण किलोभर पुंगळ्या, सव्वादोन किलो पोलादी काड्या, चारएक लिटर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल. म्हणजे लिंबातले आंबट. काड्या जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर लांब. न गंजणाऱ्या पोलादाच्या. पिंप दोनतीन तास फिरत राहते आणि या काड्या पुंगळीच्या पोटात, टिकलीच्या खळग्यात, जिथे माणसाचे बोट जाणार नाही तिथे जाऊन काजळी खरवडून काढतात.

आईने सगळे ऐकून घेतले. मग एक पुंगळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "ही लालसर का रे पडली?"

भाऊ चकित झाला. "ती मागच्या खेपेची आहे. त्या वेळी आम्ल जास्त पडलं आणि पिंप रात्रभर फिरत राहिलं."

"आंबट जास्त वेळ ठेवलं की पितळ लाल पडतंच. माझी परात नाही का एकदा झाली होती?"

आम्ल फार झाले की पितळेच्या पृष्ठभागावरचे जस्त विरघळते आणि तांब्याचा रंग वर येतो, हे त्याला पुस्तकातून कळले होते, तिला परातीवरून. दोन्ही ज्ञानांची गाठ पिट्सबर्गच्या गॅरेजात पडली.

पण आई तेवढ्यावर थांबली नाही. तिची नजर भावाच्या हातांवर खिळली होती. हात काळेकरडे झाले होते. तेवढ्यात छोटे भाचेराव दुडुदुडु दारात आले आणि भावाने ते तसेच हात आपल्या विजारीला पुसून त्याला उचलले. आई काही बोलली नाही. पण तिचा चेहरा मी ओळखते. भांडे नीट विसळलेले नसले की तो तसा होतो.

त्या रात्री भावजयीने मला माजघरात गाठले. माजघर म्हणजे त्यांचे स्वयंपाकघरच. तिने आधी दार लोटून घेतले. "ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं. आईंना सांगू नका. ऑगस्टमध्ये बाळाची रक्ततपासणी झाली. रक्तात शिसं निघालं."

माझ्या पोटात गोळा आला. तिकडे अनेक ठिकाणी एक आणि दोन वर्षांच्या मुलांच्या रक्तातले शिसे तपासून पाहतात. २०२१ पासून त्यांच्या आरोग्य खात्याने एका डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष देण्याची पातळी ठरवली आहे. बाळाची निघाली होती ६. हा आकडा मोठा नाही, औषध देण्याइतका तर नाहीच. पण मुलाच्या वाढत्या मेंदूला शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक असे म्हणता येत नाही. बुद्धी, लक्ष, बोलणे या गोष्टींवर ते गुपचूप घाला घालते. बाहेरून काही दिसत नाही. ना ताप, ना खोकला.

डॉक्टरांनी आधी घराचे वय विचारले. कारण तिकडे घरांच्या रंगातले शिसे १९७८ साली बंद झाले आणि त्याआधीच्या घरांत जुन्या रंगाचे पापुद्रे हेच मुख्य कारण असते. यांचे घर नवे. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला : "घरात कुणाला काही छंद?"

भावजय सांगत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. त्या टिकलीतल्या स्फोटक मसाल्यात शिशाचे संयुग असते. गोळी झाडली की त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. पूर्वी भाऊ या पुंगळ्या कोरड्याच साफ करी. अक्रोडाच्या कवचाचा भुसा घातलेल्या थरथरत्या भांड्यात, आणि तेही घराच्या तळघरात. भुसा चाळताना जी धूळ उडे ती त्याच्या कपड्यांवर, बुटांवर, जिन्यावरच्या गालिच्यावर. आणि त्या गालिच्यावर बाळ रांगे. "मी म्हटलं, सोडून द्या हे. ते म्हणाले, ओल्या पद्धतीने धूळ उडत नाही. यंत्र गॅरेजमध्ये नेलं. पण ताई, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. मला झोप येत नाही."

धूळ उडत नाही, हे खरे होते. पण धूळ उडाली नाही म्हणून ती नाहीशी थोडीच होते? ती पाण्यात असते. माझ्या कानात आईचे वाक्य वाजले : विसळणं येत नाही.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी. पहाटे भावाला, भाच्याला तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान झाले. कारिंट मिळाले नाही म्हणून आईने अंगठ्याखाली एक चेरी टोमॅटो फोडायला लावला. फराळाबरोबर दडपे पोहे करायचे म्हणून तिने ओट्याखालची पोलादी चाळणी काढली, पोहे घातले, नळाखाली धरले, हलक्या हाताने फिरवले. आणि थांबली.

पोह्यांतून तिने दोन बोटांनी काहीतरी उचलले. बारीक, चमकदार, सुईच्या तुकड्यासारखे. पोलादी काडी!

घरात अशी शांतता पसरली की बाहेर वाळलेले पान पडले तरी ऐकू यावे. भावजयीने नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. "एकदाच," तो पुटपुटला. "माझी जाळी तुटली होती. एकदाच चाळणी नेली होती. साबणाने धुऊन ठेवली होती."

"पितळ उघडे पडणे" हा वाक्प्रचार मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितला आहे. इतका चपखल उपयोग मात्र तोवर पाहिला नव्हता.

भावजय रडत म्हणाली, "आई, बाळाच्या रक्तात शिसं आलंय." आणि मग सगळेच बाहेर पडले.

मला वाटले, आता आईचा पट्टा सुटणार. पण तिने पोहे सावकाश कचऱ्याच्या डब्यात ओतले, चाळणीही त्याच डब्यात टाकली, हात धुतले आणि खुर्चीवर बसली. "माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते, ठाऊक आहे ना तुला?" ती भावाला म्हणाली.

ठाऊक होते, पण विसरलो होतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. माझे आजोबा तिथे याच पुंगळ्यांच्या विभागात पंचवीस वर्षे होते.

"संध्याकाळी भोंगा झाला की आम्ही भावंडं धावत जायचो. पण अण्णा आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. मागच्या दाराने मोरीत जायचे, कामाचे कपडे तिथेच काढायचे, हातपाय चोळून धुवायचे, चुळा भरायचे. मग 'या' म्हणून हाक मारायचे. ते कपडे आई वेगळे धुवायची. आम्हाला वाटायचं, हे कसलं बाई सोवळं! एकदा मी रडले, तर म्हणाले, 'पोरी, हे देवाचं सोवळं नाही, तुमचं आहे.' आणि तू त्यांचा नातू."

भाऊ लहान मुलासारखा रडला. दिवाळीच्या दिवशी रडू नये म्हणतात, पण त्या दिवशी कुणी अडवले नाही.

दुपारी आई उठली आणि म्हणाली, "चल, दाखव मला. तू विसळतोस कसा?"

भावजयीला हे आवडले नाही. तिला ते यंत्र त्याच दिवशी बाहेर फेकायला हवे होते, आणि तिची चूक होती असे मी म्हणणार नाही. पण आईचे म्हणणे असे की, छंद सोडायचा की ठेवायचा हे नवराबायकोने ठरवावे. जो पसारा आज घरात आहे तो तरी नीट आवरायला शिकावे. आईने बाळाला भावजयीकडे दिले, जुना अंगरखा चढवला, रबरी हातमोजे घातले आणि खाली उतरली. मागोमाग मी.

भावाने पिंप उघडले. पाणी शाईसारखे काळे. तो ते ओतून देणार इतक्यात आईने विचारले, "कुठे ओततोस?"

"इथल्या मोरीत."

"विष आहे म्हणतोस आणि मोरीत ओततोस?"

त्या दिवसापासून पहिले काळे पाणी झाकणाच्या बादलीत साठवले जाऊ लागले. गाळ खाली बसतो. गावात घातक कचरा गोळा करण्याचे ठरावीक दिवस असतात, त्या दिवशी बादली तिथे जाते. बागेत नाही, गटारात नाही.

मग पुढची विसळणी. पाणी घालायचे, ढवळायचे, निवळू द्यायचे, वरचे हलकेच ओतायचे. पुन्हा. पुन्हा. साबणाचा फेस आणि आम्लाचा अंश पुरता जाईपर्यंत. चौथ्या खेपेस पाणी नितळ झाले तेव्हा आई म्हणाली, "आता विसळलं."

खरी मेख त्यानंतर होती. पुंगळ्या आणि काड्या वेगळ्या कशा करायच्या? प्रत्येक पुंगळीच्या पोटात आठदहा काड्या दडून बसलेल्या. उपडी करून झटकली तरी ओल्या काड्या एकमेकींना आणि भिंतीला चिकटून राहतात. भाऊ एकेक पुंगळी टेबलावर आपटत बसे. तेवढ्यात तास जाई आणि काड्या चहूकडे उडत. त्यांतलीच एक घरात पोह्यांपर्यंत पोहोचली होती.

आईने ते पाहिले आणि हसली. "अरे, तांदूळ कधी रोवळले नाहीस का?"

आजच्या वाचकांपैकी किती जणांनी रोवळी पाहिली असेल, कुणास ठाऊक! बांबूची ती टोपली, तांदूळ घालून पाण्यात बुडवायची आणि पाण्यातच गोल फिरवत घोळायची. कोंडा वर येतो, माती खाली जाते, दाणा राहतो. गुपित एवढेच की घोळायचे ते पाण्याच्या आत, वर उचलून नव्हे. हवेत ओल्या वस्तू एकमेकींना चिकटतात. पाण्यात ती मिठी सुटते.

आणि पाहा, भावाच्या यंत्राबरोबर मिळते तीही अशीच वस्तू : दोन अर्ध्या गोलांचा पिंजरा, खाली टब, बाजूला दांडा. त्याने तो टब कोरडाच ठेवून फिरवला होता, म्हणून काड्या पडत नव्हत्या आणि चिडून दांडा जोराने फिरवताना जाळी तुटली होती. आईने टबात पिंजऱ्याच्या निम्म्यापर्यंत पाणी भरायला लावले. तुटकी जाळी तारेने बांधून घेतली. "आता सावकाश फिरव. दहीघुसळणी नाही ही." दांडा फिरला. पुंगळ्या पाण्यात बुडत, वर येत, उलटत, पाणी पीत आणि ओकत; आणि प्रत्येक घोटाबरोबर काड्या तळाशी झरझर पडू लागल्या. पाच मिनिटांत पुंगळ्या एकीकडे, काड्या दुसरीकडे! फरशीवर सांडलेल्या काड्या भावाने चुंबक फिरवून गोळा केल्या. पितळ चुंबकाला दाद देत नाही, या काड्या देतात.

तरी आईचे समाधान नव्हते. खडे निवडावेत तशी ती एकेक पुंगळी उजेडासमोर धरून पाहू लागली. बुडाच्या भोकातून उजेड दिसला पाहिजे. भोक दोनएक मिलिमीटरचे. एक काडी त्यातून सहज निसटते, पण दोन एकदम शिरल्या की पाचर बसते. अशा तीन पुंगळ्या तिने शोधून काढल्या. भावाने त्या मुकाट्याने बाजूला ठेवल्या. अशी एखादी तशीच भरली तर ठिणगीची वाट अडते, आणि आत पाण्याचा थेंब राहून दारू भिजली तर गोळी अर्ध्या वाटेत नळीतच अडकू शकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते आणि झाडणाऱ्याचे हात, डोळे जाऊ शकतात. म्हणजे 'निथळत ठेव, पूस' हेसुद्धा आईचे सोवळे नव्हते. जिवाची गोष्ट होती. पुंगळ्या जुन्या पंचावर घोळून, फळे वाळवायच्या एका निराळ्या यंत्रात मंद ऊबेवर वाळल्या. त्या यंत्रात पुन्हा कधी फळ जायचे नाही, असे भावजयीने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले.

काही पुंगळ्यांवर पाण्याचे पांढुरके डाग राहिले होते. आई म्हणाली, "ते काच पुसायचं औषध आहे ना, त्यानं पूस की."

या वेळी मात्र भावाने तिचा हात धरला. "नको आई. त्यात अमोनिया असतो. त्याने पितळ तडकतं." आणि त्याने जी हकिगत सांगितली ती ऐकून मी थक्क झाले. इंग्रजांच्या अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसे पावसाळाभर तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा संपून बाहेर काढली की पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या! ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याला 'ऋतूची तडक' अशा अर्थाचे नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण, या तिघांची ती करणी होती. आत ताण कोंडलेला असला की बाहेरचा नुसता वासदेखील पितळेला पुरतो.

"माणसाचंही तसंच असतं," भावजय हळूच म्हणाली. गेले तीन महिने त्या घरात काय कोंडले होते, ते त्या एका वाक्यात आले.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन झाले. पुण्याहून नेलेली समई भावाने स्वतः घासली होती. त्याच रात्री नियम ठरले आणि गॅरेजच्या दाराला चिकटवले गेले : कामाचे कपडे आणि बूट गॅरेजातच, ते धुवायचे वेगळे, हात साबणाने धुऊन, तोंड धुऊन, मगच घरात पाऊल, स्वयंपाकघरातली वस्तू गॅरेजात जाणार नाही, गॅरेजातली स्वयंपाकघरात येणार नाही, तळघरातला गालिचा उद्याच्या उद्या बाहेर. कागदाच्या माथ्यावर भावाने मराठीत लिहिले : 'अण्णांचे सोवळे'.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. आकडा ४.८ होता. उतरला होता, पण पुरता नाही. डॉक्टरांनी लोह आणि दूधदुभते पोटात जाऊ द्या म्हणून सांगितले. आईने नाचणीचे सत्त्व करून ठेवले. आम्ही परतलो. फेब्रुवारीत फोन आला : २.९. आईने फोन ठेवला, देवापुढे साखर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. भावजयीचा आवाजही त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मोकळा वाटला.

भावाने छंद सोडला का? सोडला नाही. बाळ शाळेत जाईपर्यंत पुंगळ्या धुण्याचे काम मात्र पूर्ण बंद ठेवायचे, असे दोघांनी मिळून ठरवले. पिंप झाकून ठेवले आहे. बंदुकीबद्दल माझे मत बदलले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. त्याच्या गोळ्या कागदावरच संपाव्यात, एवढीच प्रार्थना. पण ज्याला मी आईचे जुनाट वेड समजत होते त्या चार क्रियापदांकडे मी आता निराळ्या नजरेने पाहते. घासल्याने वस्तू चमकते. पण घासून निघालेली घाण कुठे गेली, हे विचारते ते विसळणे. चकाकी दुसऱ्याला दिसते, विसळणे आपल्यालाच ठाऊक असते.

यंदाही माळ्यावरचे पितळ खाली आले आहे. परवा आम्ही दोघी मोरीत बसलो असताना फोन वाजला. पलीकडून भाचेराव आपल्या बोबड्या मराठीत आजीला सांगत होते की बाबा आत्ताच गॅरेजमधून आला.

आईने चिंचेचे हात तसेच वर धरले आणि विचारले, "हात धुतले का रे त्यानं?"

"हो आजी," पलीकडून उत्तर आले. "मीच बघितलं."